आपत्कालीन विभागाची कार्यक्षमता आणि रुग्णानुभव : खारदांड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

रुग्णालयातील आपत्कालीन विभागाची कार्यक्षमता साधारणतः रुग्ण दारात आल्यापासून विभागाबाहेर पडेपर्यंतच्या मिनिटांत मोजली जाते आणि रुग्णाचा अनुभव समाधान-पत्रिकेतील उत्तरांत. या दोन्ही मोजण्यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील खारदांडा येथील रुग्णाचा घरापासून अंतिम उपचारापर्यंतचा मार्ग त्यासाठी आधारभूत धरला आहे. सार्वजनिक व्यवस्थेत वेळेचा निर्णायक भाग दाराबाहेर आणि दोन रुग्णालयांच्या मधल्या अंतरात खर्च होतो, त्याचा भार नातेवाईक वाहतात आणि प्रचलित मोजणीत हा भार नोंदलाच जात नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : आपत्कालीन विभाग, कार्यक्षमता, रुग्णानुभव, नातेवाइकांचे श्रम, रुग्ण स्थलांतर, खारदांडा.

१. प्रस्तावना

खार पश्चिमेला समुद्रकाठी वसलेले खारदांडा हे मुंबईतील जुन्या कोळीगावांपैकी एक. दक्षिणेस वांद्र्याचा कार्टर रोड, उत्तरेस सांताक्रूझ-जुहूचा किनारा आणि मागे उंच इमारतींची रांग, अशा चौकटीत हे गाव आजही आपली दाट वस्ती राखून आहे. गावातील वाटा माणसांच्या आणि मासळीच्या टोपल्यांच्या येण्याजाण्यासाठी पडल्या. त्यांतून कधी रुग्णवाहिका न्यावी लागेल, असा विचार त्या पडताना होण्याचे कारण नव्हते. अशा गल्लीत रात्री कोणी छातीत कळ येऊन कोसळला, तर त्याला उचलून किंवा खुर्चीत बसवून रिक्षा मिळेल अशा रस्त्यापर्यंत आणावे लागते. तेथून वांद्रे पश्चिमेचे महापालिकेचे के. बी. भाभा रुग्णालय, सांताक्रूझ पूर्वेचे वि. ना. देसाई रुग्णालय किंवा विलेपार्ले-जुहूचे कूपर रुग्णालय, यांपैकी एक दार गाठायचे असते.

या रुग्णाची आपत्ती कोणत्या क्षणी सुरू झाली, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. कुटुंबाच्या लेखी ती घरात सुरू झाली. रुग्णालयाच्या लेखी मात्र केसपेपरवर वेळ पडली, तेव्हा ती सुरू झाली. एकाच घटनेची ही दोन घड्याळे आहेत आणि ती क्वचितच जुळतात. आपत्कालीन विभागांच्या सुधारणेविषयी गेल्या पंचवीस वर्षांत जे विपुल लेखन झाले, त्याचा मोठा भाग दुसऱ्या घड्याळावर बेतलेला आहे. त्या लेखनाचे मोल नाकारण्याचा येथे हेतू नाही. तथापि ज्या समाजात रुग्णालयात पोहोचणे हाच उपचाराचा पहिला आणि कित्येकदा सर्वांत अवघड टप्पा असतो, तेथे हे घड्याळ कितपत खरे सांगते, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

२. मिनिटांच्या मोजणीचा इतिहास

आपत्कालीन उपचारातील अग्रक्रमाची कल्पना रणांगणावर जन्मली. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दॉमिनिक लारे यांनी जखमींची निवड त्यांच्या हुद्द्यावरून न करता जखमेच्या तीव्रतेवरून करण्याची प्रथा रूढ केली. त्यांनीच जखमींना रणांगणावरून त्वरेने हलविण्यासाठी हलक्या गाड्यांची योजना केली, ही गोष्ट मात्र तुलनेने कमी स्मरली जाते. म्हणजे निवड आणि वाहतूक ही मुळात एकाच विचाराची दोन अंगे होती. विसाव्या शतकात बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक ॲडम्स काउली यांच्या नावाशी जोडली गेलेली ‘सुवर्ण तासा’ची कल्पनाही अपघाताच्या क्षणापासून मोजणी करते, रुग्णालयाच्या दारापासून नव्हे.

पुढे रुग्णालये मोठी झाली, व्यवस्थापनशास्त्र त्यांत शिरले आणि मोजणीचा प्रारंभबिंदू हळूहळू दारापाशी सरकला. हृदयविकाराच्या उपचारात रुग्ण दारात आल्यापासून बंद रोहिणी फुग्याने उघडेपर्यंतचा काळ नव्वद मिनिटांच्या आत असावा, हा निकष सर्वमान्य झाला. तो साधण्यासाठी रुग्णालयांनी कसून प्रयत्न केले. २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, चार वर्षांत हा मध्यम काळ ८३ मिनिटांवरून ६७ मिनिटांवर आला; पण रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण जवळजवळ होते तेथेच राहिले. या निष्कर्षाच्या अर्थाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरीही त्यातून निघणारा एक बोध टाळता येत नाही. हृदयाच्या स्नायूला दार ठाऊक नसते. रक्तपुरवठा खंडित झाल्यापासूनचा सगळा काळ त्याच्या खाती जमा होतो. दारामागची सोळा मिनिटे वाचविली आणि दारापुढचे तास तसेच राहिले, तर लाभ मर्यादित राहणार, हे ओघानेच आले.

इंग्लंडमधील अनुभव अधिक बोलका आहे. २००० सालच्या राष्ट्रीय आरोग्य योजनेतून तेथे आपत्कालीन विभागात कोणीही रुग्ण चार तासांपेक्षा अधिक काळ राहू नये, हे उद्दिष्ट पुढे आले. प्रारंभी ९८ टक्के रुग्णांसाठी बंधनकारक असलेले हे प्रमाण २०१० साली ९५ टक्के करण्यात आले. या उद्दिष्टामुळे तासन्‌तास ताटकळत राहणाऱ्यांची संख्या घटली, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याच काळातील आकडेवारीत एक विलक्षण शिखर दिसू लागले. चार तास पुरे होण्याच्या अगदी आधीच्या मिनिटांत विभागाबाहेर काढल्या जाणाऱ्या रुग्णांची संख्या एकाएकी वाढे. रोग घड्याळ पाहून बरे होत नाहीत. घड्याळ पाहून हलविली जातात ती माणसे. मिड स्टॅफर्डशर येथील रुग्णालयातील हलगर्जीची चौकशी करणाऱ्या रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१३ सालच्या अहवालाने तर उद्दिष्टे आणि आर्थिक ताळेबंद यांच्या मागे लागून रुग्णसेवेकडे कसे दुर्लक्ष झाले, याचे विस्तृत चित्र उभे केले. मोजणी हे साधन आहे, हे विसरल्यावर मोजणीच कामाचा विषय होऊन बसते.

३. खारदांड्याहून रुग्णालयापर्यंत

आता पहिल्या घड्याळाकडे वळावे लागेल. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. ज्या राज्यात तोवर रुग्णवाहिका ही बहुधा शव किंवा धनिक यांच्यासाठीच असते असा समज होता, तेथे ही घटना मोठीच होती. मुंबईच्या अरुंद वस्त्यांचा विचार करून ऑगस्ट २०१७ मध्ये दुचाकी रुग्णवाहिकाही आणण्यात आल्या. दुचाकीवरून डॉक्टर गल्लीत पोहोचू शकतो, ही सोय मोलाची आहे. पण रुग्णाला बाहेर काढण्याचे काम दुचाकी करू शकत नाही. ते शेवटी शेजाऱ्यांच्या हातांवरच येते.

उपनगरात रिक्षा हीच खरी रुग्णवाहिका होय. ती चटकन मिळते आणि गल्लीच्या तोंडापर्यंत येते. मात्र तिला एक सीमा आहे. मुंबईत रिक्षा उपनगरांपुरती असते. माहीम आणि शीव यांच्या पलीकडे शहर भागात तिला परवानगी नाही. त्यामुळे खारदांड्याचा रुग्ण भाभा रुग्णालयापर्यंत रिक्षाने जाऊ शकतो. तेथून त्याला परळच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे पाठविले, तर टॅक्सी किंवा रुग्णवाहिका शोधणे भाग असते. वाहतूक नियमनाच्या दृष्टीने रास्त असलेली ही सीमा आपत्तीच्या वेळी रुग्णाच्या मार्गावर एक अदृश्य थांबा निर्माण करते. कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत या थांब्याची वेळ सापडणार नाही.

दुसरा अडथळा रेल्वेमार्गाचा. पश्चिम रेल्वेने उपनगराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. वि. ना. देसाई रुग्णालय पूर्वेला आहे आणि पावसाळ्यात सांताक्रूझचा मिलन सबवे पाण्याखाली जाणे हा मुंबईकरांच्या परिचयाचा भाग आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा पूर्व आणि पश्चिम ही जणू दोन बेटे झाली होती. मिलन येथे २०१३ साली उड्डाणपूल झाल्यानंतर ही अडचण काही प्रमाणात दूर झाली. एखाद्या उड्डाणपुलाने आपत्कालीन सेवेची कार्यक्षमता वाढू शकते, हे आरोग्य-व्यवस्थापनाच्या पुस्तकांत सहसा आढळणार नाही. पण नकाशा पाहिला की ते उमगते.

कोळीवाड्याची आणखी एक विशिष्ट बाजू आहे. मासेमारीत शिंगाळ्याचा काटा हातात रुतणे, पाकटाच्या शेपटीचा दंश होणे, दोरात किंवा यंत्रात बोटे सापडणे हे व्यवसायाचे नित्याचे धोके होत. शिंगाळा किंवा पाकट यांच्या दंशाने प्राण जाण्याचे प्रसंग विरळ. वेदना मात्र असह्य. हे विष उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून सोसवेल इतक्या गरम पाण्यात अवयव बुडवून ठेवणे हा त्यावरचा मान्य प्रथमोपचार आहे. असा रुग्ण आपत्कालीन विभागात आला, तर अग्रक्रमाच्या कोणत्याही पद्धतीत त्याचा क्रम मागे लागणार आणि तो योग्यच आहे. पण प्रतीक्षेच्या काळात त्याला गरम पाण्याची बादली आणि वेदनाशामक औषध मिळाले की नाही, यावर त्याचा सारा अनुभव अवलंबून राहील. त्यासाठी ना महाग यंत्र लागते, ना नवी इमारत. दारात उभ्या असलेल्या परिचारिकेला तेवढा अधिकार मात्र असावा लागतो.

४. दाराच्या आत : गर्दीचे गणित आणि प्रतीक्षेचे मानस

विभागातील गर्दीविषयी सर्वसाधारण समजूत अशी की, किरकोळ आजाराचे लोक विनाकारण येतात, म्हणून गर्दी होते. मुंबईत २०२२ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेमागे अन्य हेतूंबरोबर मोठ्या रुग्णालयांवरील असा भार हलका करण्याचाही हेतू होता. हा विचार चुकीचा नाही, अपुरा आहे. अमेरिकन गणिती जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम येथे उपयोगी पडतो. विभागात कोणत्याही वेळी सरासरी किती रुग्ण असतील, हे तासाला येणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाचा सरासरी मुक्काम यांच्या गुणाकाराइतके असते. समजा, तासाला सहा रुग्ण येतात आणि प्रत्येक जण दोन तास राहतो. तर विभागात बारा रुग्ण असतील. येणाऱ्यांत एकाचीही वाढ झाली नाही, पण वॉर्डात खाट रिकामी नसल्याने मुक्काम तीन तासांवर गेला, तर तीच संख्या अठरा होईल. खाटा, डॉक्टर, प्राणवायूचे नळ मात्र तेवढेच राहतील.

ॲस्प्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलेल्या प्रतिमानात गर्दीची कारणे आगमन, अंतर्गत प्रक्रिया आणि निर्गमन अशा तीन टप्प्यांत विभागली आहेत. पुढील संशोधनाचा कल निर्गमनाला अधिक महत्त्व देण्याकडे राहिला. दाखल करून घेण्याचा निर्णय झाला आहे, पण वर खाट नाही, असा रुग्ण आपत्कालीन विभागातच पडून राहतो आणि नव्याने येणाऱ्याची जागा अडते. ॲडिलेडच्या फ्लिंडर्स रुग्णालयाने २००३ साली आपल्या आपत्कालीन विभागाची पुनर्रचना केली, तेव्हा रुग्णांची विभागणी आजाराच्या तीव्रतेबरोबरच ‘बहुधा घरी जाणारे’ आणि ‘बहुधा दाखल होणारे’ अशी केली. मोटारींच्या कारखान्यातून आलेल्या या पद्धतीचे यश तिच्या मागे असलेल्या निरीक्षणात होते. कोण किती वेळ काम करतो, याआधी काम कोठे अडून राहते, हे तेथे पाहिले गेले. आपल्याकडे या पद्धतींचे अनुकरण करताना पहिला अर्धा भाग उचलला जातो, म्हणजे डॉक्टराने किती मिनिटांत रुग्ण पाहिला हे मोजले जाते. दुसरा अर्धा, म्हणजे खाट का अडली याचा शोध, बहुधा राहून जातो.

रुग्णानुभवाच्या बाबतीत डेव्हिड मेस्टर यांचे १९८५ सालचे प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावरील विवेचन अजूनही ताजे वाटते. रिकामी प्रतीक्षा व्यग्र प्रतीक्षेपेक्षा लांब भासते, कारण न सांगितलेली प्रतीक्षा सकारण प्रतीक्षेपेक्षा लांब भासते. किती वेळ लागेल हे ठाऊक नसणे, मनात धास्ती असणे, आपल्यावर अन्याय होत आहे असे वाटणे, एकटे असणे, या प्रत्येक गोष्टीने ती वाढते. मेस्टर यांच्यासमोर उपाहारगृहे आणि विमानतळ यांसारख्या सेवा होत्या. पण त्यांनी सांगितलेल्या जवळजवळ सर्व अटी सार्वजनिक रुग्णालयाच्या बाकावर एकाच वेळी पूर्ण होतात. आपल्या नंतर आलेल्याला आधी आत का नेले, हे कोणी समजावून सांगत नाही; त्यामुळे अग्रक्रमाची शास्त्रशुद्ध पद्धतही वशिलेबाजीसारखी दिसू लागते. राजकुमार हिरानी यांच्या २००३ सालच्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ या हिंदी चित्रपटाने तातडीच्या रुग्णापुढे कागदाची अट ठेवणाऱ्या व्यवस्थेची थट्टा केली, तेव्हा प्रेक्षागृहातून मिळालेली दाद या साचलेल्या अनुभवाची होती.

५. नातेवाईक : न मोजलेले मनुष्यबळ

भारतीय सार्वजनिक रुग्णालयात रुग्ण एकटा येत नाही, असे सांस्कृतिक कौतुकाने म्हटले जाते. वस्तुस्थिती अशी की, तो एकटा आला तर व्यवस्था अडखळते. स्ट्रेचर ढकलणे, केसपेपर काढणे, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचविणे, रुग्णालयात नसलेले औषध बाहेरच्या दुकानातून आणणे, एक्स-रेच्या रांगेत उभे राहणे आणि कागद सांभाळणे ही कामे अनेकदा नातेवाईक करतात. व्यवस्थापनाच्या भाषेत हे विनामूल्य मनुष्यबळ होय. ज्याचा भाऊ, मुलगा किंवा शेजारी कामावरची पाळी सोडून आला, त्याचा बुडालेला रोज रुग्णालयाच्या ताळेबंदात येत नाही. म्हणून विभाग काटकसरीने चालत असल्याचे दिसते. येथे कार्यक्षमता वाढलेली नसते. खर्चाची केवळ जागा बदललेली असते.

याच नातेवाइकांकडे व्यवस्था दुसरीकडे धोका म्हणून पाहते. डॉक्टरांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला. मार्च २०१७ मध्ये धुळे आणि मुंबई येथील हल्ल्यांनंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. त्यानंतर रुग्णालयांत सुरक्षारक्षक वाढले आणि सोबतच्या माणसांवर पासची मर्यादा आली. सलग पाळ्या करणाऱ्या, वयाने विशी-पंचविशीतल्या डॉक्टरांवर हात उगारणे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. पण ज्या माणसांशिवाय स्ट्रेचर हलत नाही, त्यांनाच दाराबाहेर उभे करणाऱ्या व्यवस्थेतील अंतर्विरोध दुर्लक्षिण्यासारखा नाही. श्रम हवे आहेत. श्रमणाऱ्याची उपस्थिती नको आहे. डॉक्टर आणि नातेवाईक हे दोघेही एकाच टंचाईचे बळी असताना ती टंचाई त्यांना एकमेकांसमोर उभे करते.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ हॅरिस सॉलोमन यांचा ‘लाइफलाइन्स : द ट्रॅफिक ऑफ ट्रॉमा’ (२०२२) हा ग्रंथ या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या ट्रॉमा वॉर्डातील दीर्घ क्षेत्रकार्यावर तो आधारलेला आहे. वाहून आणणे, हलविणे, भेटीस येणे, ओळख पटविणे, श्वास चालू ठेवणे अशा हालचालींभोवती त्यांनी आपली मांडणी गुंफली आहे. आघात ही एका क्षणाची घटना नसून ती हालचालींची मालिका आहे आणि ही मालिका कुटुंबे, परिचारिका, वॉर्डबॉय, पोलीस अशा अनेकांच्या हातांनी चालते, हे त्यांचे निरीक्षण व्यवस्थापनशास्त्राच्या आलेखांना मोठा छेद देते. या ग्रंथाची मर्यादा त्याच्या क्षेत्रातून आली आहे. त्याचा भर मोठ्या रुग्णालयातील एका वॉर्डावर असल्याने त्या वॉर्डापर्यंत येताना मध्ये लागलेले उपनगरी रुग्णालयाचे दार स्वतंत्र अभ्यासाचा विषय होत नाही. खारदांड्याच्या दृष्टीने पाहता तेच दार सर्वांत महत्त्वाचे आहे.

६. ‘वर पाठवणे’ आणि न्यायालये

मुंबई महापालिकेची आरोग्यव्यवस्था दवाखाने, उपनगरी रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न मोठी रुग्णालये अशी चढत्या क्रमाची आहे. उपनगरी रुग्णालयात मेंदूचा शल्यचिकित्सक किंवा अतिदक्षता विभागातील खाट नसेल, तर रुग्णाला वर पाठविणे हे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होय. प्रश्न पाठविण्याच्या रीतीचा आहे. पुढे खाट आहे की नाही, हे न विचारता केवळ कागदावर दुसऱ्या रुग्णालयाचे नाव लिहून रुग्ण रवाना झाला, तर पहिल्या विभागाचा मुक्काम-काळ कमी होतो आणि त्याची कार्यक्षमता वाढलेली दिसते. रुग्णाचा काळ मात्र पुन्हा शून्यापासून सुरू होतो: नवा केसपेपर, नवी रांग, तीच हकिकत पुन्हा सांगणे.

या साखळीचे टोक कोठे जाते, हे महाराष्ट्राने २०२३ साली पाहिले. ऑगस्टमध्ये मुंबईलगतच्या ठाण्यातील कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि त्यांत बारा नवजात अर्भके होती. दोन्ही ठिकाणी दिल्या गेलेल्या स्पष्टीकरणांत, अनेक रुग्ण अन्य ठिकाणांहून अत्यवस्थ स्थितीत आणले गेले होते, हा मुद्दा होता. हे स्पष्टीकरण खरे मानले, तरी त्याने प्रश्न मिटत नाही. रुग्ण उशिरा आला, म्हणजे तो कोठेतरी आधी थांबला होता. तो कोठे, किती काळ आणि का थांबला, याची नोंद कोणाकडेही नसणे हीच मूळ व्यथा आहे.

न्यायालयांनी या प्रश्नाचा गाभा फार पूर्वी ओळखला होता. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर स्कूटरस्वाराच्या मृत्यूची बातमी आली होती. जवळच्या रुग्णालयाने पोलीस प्रकरणे हाताळण्यास आपण अधिकृत नसल्याचे सांगून जखमीला सुमारे वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे धाडले आणि वाटेतच त्याचा अंत झाला. १९८९ सालच्या निकालाने, प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टराचे पहिले कर्तव्य असून कायद्याच्या औपचारिकता त्याच्या आड येता कामा नयेत, हे निःसंदिग्धपणे सांगितले. १९९६ सालचा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा निकाल त्याहून पुढे गेला. हकीम शेख हा मजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर इजा झालेल्या या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठविले आणि अखेर त्याला खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने त्यास २५ हजार रुपयांची भरपाई दिली. परंतु त्या निकालाचा खरा मोलाचा भाग वेगळा आहे. कोणत्या रुग्णालयात खाट उपलब्ध आहे, हे कळेल अशी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारावी, म्हणजे रुग्णाला थेट तेथेच पाठविता येईल, असे न्यायालयाने सांगितले. ज्या महानगरात लोकलमार्गावर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावतात, तेथे हकीम शेखची कहाणी परकी वाटत नाही.

७. दोन प्रसंग : जुलै २००६ आणि जून २०२०

अशी यंत्रणा अव्यवहार्य आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्याची परीक्षा मुंबईच्याच दोन प्रसंगांवर करता येते. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतील दोन वांद्रे-खार आणि खार-सांताक्रूझ या स्थानकांच्या परिसरात होते. एकूण १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी चादरींच्या झोळ्या करून, हाती लागेल त्या वाहनातून जखमींना भाभा, देसाई, कूपर, शीव अशा रुग्णालयांत पोहोचविले. त्या संध्याकाळी नागरिकांचे श्रम साऱ्यांना दिसले आणि गौरविलेही गेले. परंतु तेच श्रम रोजच्या एकेका रुग्णासाठी होतात, तेव्हा ते कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. शिवाय कोणता जखमी कोठे जाईल, हे मुख्यतः अंतर आणि वाहन यांनी ठरविले. कोठे किती क्षमता शिल्लक आहे, हे वाहून नेणाऱ्यांना समजण्याचा मार्ग नव्हता.

दुसरा प्रसंग करोना साथीचा. प्रारंभी खाटेच्या शोधात नातेवाईक रुग्णालयांच्या फेऱ्या मारीत होते. म्हणजे हकीम शेखचा अनुभव एका रोगापुरता साऱ्या शहराचा झाला होता. जून २०२० मध्ये महापालिकेने चोवीसही विभागांत स्वतंत्र वॉर रूम उभारल्या. खारदांडा ज्यात येतो त्या एच-पश्चिम विभागाचाही त्यांत समावेश होता. चाचणीचा अहवाल आल्यावर विभागातून रुग्णाशी संपर्क साधणे, लक्षणांवरून त्याचा अग्रक्रम ठरविणे, शहरातील खाटांची स्थिती पाहून खाट नेमून देणे आणि वाहनाची व्यवस्था करणे ही कामे तेथून होत. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईच्या अनुभवाची प्रशंसा करून अन्यत्र त्याचा विचार व्हावा, असे सुचविले. या व्यवस्थेत त्रुटी नव्हत्या असे नाही. तरीही १९९६ च्या निकालात जे अपेक्षिले होते, ते मोठ्या शहरात काही आठवड्यांत उभे राहू शकते, हे तिने सिद्ध केले. खाट शोधण्याचे काम नातेवाइकांच्या खांद्यावरून व्यवस्थेच्या खांद्यावर आले. कार्यक्षमता आणि रुग्णानुभव या दोहोंचा मेळ तेथे बसला. साथ ओसरली तसे वॉर रूमचे कामही ओसरले. छातीत कळ आलेल्या, डोक्याला मार लागलेल्या, अडलेल्या बाळंतिणीच्या वाट्याला मात्र तशी व्यवस्था आली नाही. साथीत शक्य ठरलेली गोष्ट एरवी अशक्य मानली जाते, याचे समर्थन तंत्राच्या आधारे करता येणार नाही.

८. निष्कर्ष

आपत्कालीन विभागाच्या सुधारणेची चर्चा विभागाच्या चार भिंतींत बंदिस्त ठेवल्यास ती अर्धवट राहते. मोजणी सोडून द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. ती अधिक प्रामाणिक करावी, असा आहे. केसपेपरवर आगमनाच्या वेळेबरोबर त्रास सुरू झाल्याची वेळ आणि यापूर्वी गाठलेल्या रुग्णालयाचे नाव नोंदणे, हे एका ओळीचे काम आहे. रुग्ण वर पाठविताना पुढील रुग्णालयातील स्वीकारणाऱ्या डॉक्टराशी बोलणे झाल्याशिवाय तो हलवू नये आणि त्याचे पुढे काय झाले, हे पाठविणाऱ्या डॉक्टरला कळविले जावे. स्ट्रेचर ढकलणे आणि नमुने पोहोचविणे यांसाठी पुरेसे कर्मचारी नेमणे हा खर्च नसून आज नातेवाईक भरत असलेल्या खर्चाची कबुली आहे. बाहेर बसलेल्यांना ठरावीक वेळाने एखाद्या जबाबदार व्यक्तीने चार शब्द सांगणे आणि वेदनेने तळमळणाऱ्याला प्रतीक्षेतच आराम देणे, यांसाठी कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

भारतात आपत्कालीन वैद्यक या विषयाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता २००९ साली मिळाली. ही शाखा तरुण आहे आणि तिच्या कसोट्या अजून घडत आहेत. त्या बाहेरून तयार आणून बसवायच्या की येथील रुग्णाच्या मार्गावरून घडवायच्या, हा निर्णय वैद्यकाइतकाच समाजशास्त्र, अर्थशास्त्र, नगररचना आणि विधी यांच्या अभ्यासकांचाही आहे. खारदांड्याच्या गल्लीतून खुर्चीवर बसवून बाहेर आणलेल्या माणसाचे घड्याळ तेव्हाच सुरू झालेले असते. त्या घड्याळाप्रमाणे आपल्या कामाचा हिशोब देण्याची तयारी ज्या दिवशी रुग्णालये दाखवतील, त्या दिवशी ‘कार्यक्षमता’ या शब्दाला रुग्णाच्या बाजूने काही अर्थ प्राप्त होईल.